सोर्स बदला, मॅडम

आमच्या बी.एड.ला माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान असा एक विषय आहे आणि त्याची प्रात्यक्षिक वही हातानं लिहायची असते. टाईप केलेली चालत नाही. निळ्या पेननं मजकूर, काळ्या पेननं शीर्षक, उजव्या पानावर कृती, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती. 'पॉवरपॉइंट सादरीकरण तयार करणे' या प्रात्यक्षिकाची कृती 'प्रथम संगणक सुरू करावा' इथं सुरू होते आणि 'शेवटी संगणक बंद करावा' इथं संपते. मधल्या दीड पानात संगणकाला कुणी हात लावल्याचा पुरावा सापडत नाही. कीबोर्डची आकृती काढायची तर एकेक बटण पट्टीनं आखावं लागतं. माझ्या मैत्रिणीनं वरच्या रांगेत एफ ६ नंतर थेट एफ ८ काढलं, तर लाल पेननं शेरा आला : 'एफ ७ राहिले. लक्ष असावे.' पुढच्या पानावरचा माउस तिनं इतका सुबक काढला की त्याला 'उत्तम' मिळालं. संगणक कक्षातला खरा माउस मात्र मागच्या बॅचपासून डावीकडे जात नाही. सगळे उजवीकडून वळसा घालून काम भागवतात.

खरं तर संगणक आम्हाला नवा नाही. दहावीच्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र एमएस-सीआयटी करतो, तसं आम्हीही केलं. ते प्रमाणपत्र आईनं लॅमिनेट करून जातीच्या दाखल्यासोबत ठेवलंय. दोन्ही सरकारी नोकरीला लागतात, एवढंच तिला ठाऊक आहे आणि ते बरोबर आहे.

याच विषयात एडगर डेल नावाचे अमेरिकन गृहस्थ भेटतात. १९४६ साली त्यांनी दृक्‌श्राव्य साधनांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात अनुभवांचा शंकू मांडला : तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. आमच्या नोट्समध्ये या शंकूच्या कडेनं टक्के लिहिलेले असतात. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, असं चढत चढत स्वतः केलेलं ९०. आकडे इतके गोल आहेत की कुणालाही संशय यावा, पण परीक्षेला गोल आकडेच बरे पडतात. गंमत म्हणजे डेलसाहेबांच्या शंकूत एकही टक्का नव्हता. ते मागाहून कुणीतरी चिकटवले आणि जगभर फिरले. हे कळल्यावर मी धावतच सरांकडे गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, "पण पेपरात टक्के लिही. गुण त्यालाच आहेत." मी टक्के नुसते वाचले होते, करून काही बघितले नव्हते. तरी ते मला शंभर टक्के पाठ आहेत.

'भावी शिक्षिका म्हणून वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल तुमचं मत काय?' हा प्रश्न आम्हाला हल्ली सगळे विचारतात. तोंडी परीक्षेत विचारतात, चर्चासत्रात विचारतात आणि स्थळ बघायला आलेली माणसंही पोह्यांची बशी हातात घेऊन विचारतात. मागे एका मुलाच्या वडिलांनी तर विचारलंही नाही, सांगूनच टाकलं. "आता एआय आलंय. शिक्षक लागणारच नाहीत म्हणे." आमच्या अण्णांनी तेवढ्याच गोडीनं विचारलं, "तुमचा मुलगा काय करतो?" मुलगा बँकेत कारकून होता. ती बैठक पुढे पावसापाण्यावर गेली.

शिक्षकाला घरी बसवणारं यंत्र येणार, ही बातमी माझ्या पणजोबांच्या काळची आहे. १९१३ साली एडिसननं सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं सिनेमातून शिकता येईल, आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जातील. ती दहा वर्षं अजून चालू आहेत. १९५३ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर पालक म्हणून आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले, तिथलं शिकवणं बघून अस्वस्थ झाले आणि त्यांनी अध्यापन यंत्रच बनवलं. (आपल्याकडे पालक अस्वस्थ झाले की शाळा बदलतात किंवा क्लास लावतात. यंत्र बनवण्यापर्यंत मजल गेलेला पालक अजून पालकसभेत दिसलेला नाही.) पुण्यात १९८४ साली शाळकरी मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी आली. एका पिढीला तिची धून अजून पाठ आहे. ती संस्था २०१७ साली बंद झाली. २००४ साली तर खास शिक्षणासाठी म्हणून एडुसॅट हा उपग्रहच आकाशात गेला. यंत्रं आली, हार घालून घेतले, निवृत्त झाली. सकाळी सातला प्रार्थनेच्या रांगेत "हातभर अंतर घ्या रे" म्हणून ओरडायला शिक्षकच उभा आहे.

ही यंत्रं पुढे कुठं जातात, हे माझ्या आत्याला विचारावं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती नोकरीला लागली तेव्हा खडू-फळा मोहिमेचं सामान शाळेत येऊन पडलेलं होतं. १९८७ साली निघालेल्या या योजनेतून प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य मिळायचं होतं. आत्याच्या शाळेत साहित्य आलं. पृथ्वीचा गोल आला, नकाशे आले, विज्ञानाची पेटी आली. मुख्याध्यापकांनी सगळं डेड स्टॉक रजिस्टरला चढवलं आणि कपाटाला कुलूप घातलं, कारण फुटलं तर भरून कोण देणार? पृथ्वी गोल आहे हे मुलांनी पुस्तकात वाचलं. गोल पृथ्वी कपाटात सुरक्षित होती. दरवर्षी तपासणीला बाहेर यायची, पुसली जायची, सही झाली की परत आत.

आज आत्याच्या हातात फोन आहे आणि तिच्याइतका तंत्रज्ञानाचा वापर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतही होत नसेल. माहिती भरायला सरल आहे, यू-डायस आहे, शालार्थ आहे, पोषण आहाराची रोजची माहिती आहे. विद्यार्थ्यांचे आधार झाले, आता अपार आयडी आहेत. झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो. पूर्वी साहेब शाळेत यायचे तेव्हा भीती वाटायची. आता साहेब खिशात असतात आणि दर दहा मिनिटांनी थरथरतात. दहा पन्नासला ग्रुपवर मेसेज पडतो : 'अति तात्काळ. ११ वाजेपर्यंत लिंक भरावी.' आत्या म्हणते, "कागद कमी होणार होते गं. झालं काय, आता कागद तयार करायचा, त्याचा फोटो काढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि टाकल्याचा अहवाल कागदावर द्यायचा." तिच्या पहिलीतल्या एका पोरानं आईला सांगितलं होतं, "आमच्या बाईंना आमच्यापरीस जास्त होमवर्क हाय." तंत्रज्ञानाचं शिक्षणातलं स्थान या विषयावर मी बरीच पुस्तकं चाळली, पण त्या पोराइतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

आत्याच्या फोनमध्ये मुलांना दाखवण्यासारखंही पुष्कळ आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आहेत, २०१७ साली आलेलं दीक्षा ॲप आहे. शिवाय सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आहेतच. क्यूआर कोडची पुस्तकं करून त्यांनी २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. तेव्हापासून आमच्या कॉलेजात प्रत्येक तक्त्यावर एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो उघडून कुणी बघत नाही. एकदा बाह्य परीक्षकांनी बघितला, तर समोरच्या चहावाल्याचं पेमेंट उघडलं. मैत्रिणीनं घाईत चुकीचा फोटो छापला होता. परीक्षक सज्जन होते. "किती भरू?" एवढंच विचारलं त्यांनी.

आंतरवासितेसाठी मला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एक शाळा मिळाली. तिथं स्मार्ट बोर्ड होता. शाळेत स्मार्ट बोर्ड म्हणजे घरातला जावई. त्याला सगळ्यात चांगली खोली द्यायची, ऊन लागू द्यायचं नाही, धूळ बसू द्यायची नाही, त्याच्यासमोर पोरांनी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि काम तर सांगायचंच नाही. या जावयाच्या अंगावर शिवून घेतलेलं मखमली कव्हर होतं आणि कव्हरावर देणाऱ्याचं नाव बोर्डाच्या कंपनीपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच होता. कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक होतं. खोलीची चावी लिपिकाकडे, रिमोट पर्यवेक्षकांकडे आणि रिमोटचे सेल मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. तिघं एका दिवशी हजर असले की पाठ डिजिटल, नाहीतर पारंपरिक.

माझा विषय भूगोल, पाठ पर्जन्याचा, वर्ग सातवी. पाठटाचण एआयकडून करून घेतलं होतं. आमच्या बॅचमध्ये सगळेच घेतात आणि मग निळ्या-लाल पेनांनी हातानं उतरवून काढतात. हर्बार्टच्या पंचपायरीत एआय चांगलंच तरबेज आहे. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, सगळं बिनचूक. फक्त त्याला माण ठाऊक नाही. उपयोजनात त्यानं सुचवलं होतं, 'विद्यार्थ्यांना जवळच्या नदीकाठी नेऊन प्रवाहाचे निरीक्षण करण्यास सांगावे.' आमच्या माणगंगेत बरेच महिने निरीक्षणाला वाळूच असते. आणि प्रस्तावनेचा पहिला प्रश्न होता, 'मुलांनो, तुम्हाला पाऊस आवडतो का?' तो मी विचारला. वर्ग गप्प. मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "पडला तर आवडंल की."

त्या दिवशी चावी, रिमोट आणि सेल यांचा योग जुळून आला होता. मागच्या बाकावर कॉलेजातले मेथड मास्तर निरीक्षण वही उघडून बसले होते. मेघालयातल्या पावसाचा व्हिडिओ दाखवायला मी लॅपटॉप जोडला. बोर्डावर निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल'. वायर काढून परत लावली. नो सिग्नल. वायरीवर फुंकर मारली. आपल्याकडे सगळी यंत्रं आधी फुंकरीवर घ्यायची असतात. तरी नो सिग्नल. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "सोर्स बदला, मॅडम." तो मुलगा परवानगी न मागताच पुढे आला, रिमोटवर दोन बटणं दाबली, आणि बोर्डावर लॅपटॉप दिसू लागला. त्याच्या भावाचा डीजे आहे. एलईडी वॉल, मिक्सर, जनरेटर, सगळं पोरगं कोळून प्यायलंय. भूगोलात मात्र त्याला मागल्या चाचणीत वीसपैकी चार गुण होते, हे मला नंतर वर्गशिक्षकांनी काळजीच्या सुरात सांगितलं.

मेघालयाच्या आधी जाहिरात लागली. कंबरदुखीवरच्या तेलाची होती आणि ती पंधरा सेकंद वर्गानं इतक्या एकाग्रतेनं बघितली की मला हेवा वाटला. मग ढग आले, डोंगर आले, निवेदकानं घसा साफ करून 'मौसिनराम' एवढं म्हटलं, आणि लाईट गेली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. लाईट गेल्यावर पोरं टाळ्या का वाजवतात, यावर आमच्या शैक्षणिक मानसशास्त्रात प्रकरण नाही. मला पुढे काहीतरी बोलणं भाग होतं. मेघालयातल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, असं मी फळ्यावर लिहिलं. तोंडं कोरी. आपल्याकडे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक पेढे वाटायच्या बेतात असतात, असंही सांगितलं. मग डीजेवाल्याच्या भावालाच भिंतीपाशी उभं केलं आणि जमिनीपासून अर्धा मीटर मोजून खडूनं रेघ मारायला लावली. रेघ त्याच्या गुडघ्याच्या जरा वर आली. हा आपला, वर्षभराचा, तोही चांगल्या सालचा. आता मौसिनरामचा कुठं येईल? पोरांनी भिंत मोजली, तीन मीटर भरली. अशा जवळपास चार भिंती एकावर एक ठेवायच्या, हे हिशेबानं निघालं तेव्हा वर्गात गलका झाला. "म्हंजी शाळा बुडली!" एक जण आनंदानं ओरडला. दुसऱ्यानं त्याहून महत्त्वाची शंका काढली, "मग तिथं सुट्टी असती का, मॅडम?" पाणी साचून राहत नाही, वाहून जातं, हे समजवायला आणखी दहा मिनिटं गेली. तास संपला. निरीक्षण वहीत शेरा होता : 'शैक्षणिक साधनाचा प्रभावी वापर झाला नाही.' आमच्या मेथड मास्तरांच्या तक्त्यात भिंत हे साधन नाही.

इथं थांबले असते तर खडूप्रेमी मंडळींनी मला डोक्यावर घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तोच पाठ 'ब' तुकडीला होता आणि त्या दिवशी लाईट गेली नाही. जाहिरातीसकट व्हिडिओ पूर्ण चालला. त्यात खासी बायका शेतात वाकून काम करत होत्या आणि त्यांच्या डोक्यापासून कमरेखालपर्यंत बांबू आणि पानांचं उलट्या होडीच्या आकाराचं काहीतरी होतं. निवेदक म्हणाला, याला क्नुप म्हणतात, पावसात दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून हे पाठीवर घेतात. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. आंतरवासितेत मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. ती एकदम उभी राहिली. "मॅडम, हे इरलं हाय!" मामाचं गाव जावळीत, कोयनेकडं. तिथं आजी भात लावताना असंच घ्यायची, आता प्लॅस्टिकचा कागद घेते, पण जुनं इरलं माळ्यावर अजून आहे, ते डोक्यावर घेतलं की पावसाचा आवाज कसा येतो, आतून कसा वास येतो, हे ती सांगत सुटली. व्हिडिओ मी थांबवला होता. पडद्यावर खासी बाई तशीच वाकलेली, आणि समोर ही पोरगी दप्तर पाठीवर उलटं घेऊन भात कसा लावतात ते दाखवतेय. माणच्या पोरांनी आयुष्यात इरलं बघितलं नव्हतं. एकानं विचारलं, "इरल्यात दोघं मावत्यात का?"

हे खडूनं झालं नसतं. मला इरलं फळ्यावर काढता आलं नसतं, आणि काढलं असतं तर ते पोरांना कासव वाटलं असतं.

या तासाला मेथड मास्तर नव्हते. त्यामुळे अधिकृतरीत्या तो झालेला नाही. स्मार्ट बोर्ड वापर नोंदवहीत मात्र त्याची नोंद आहे : दिनांक, वेळ, घटक, वापरलेली मिनिटं, सही. मुलांनी काय केलं, याचा रकाना नाही. मी 'शेरा' या रकान्यात 'इरलं' असं लिहिलं, तर लिपिकांनी विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

मत म्हणाल तर माझं मत असं आहे की वर्गातली यंत्रं बहुतेक वेळा वरच्या साहेबांकडे तोंड करून उभी असतात. किती बोर्ड आले, किती चालू, किती मिनिटं, किती फोटो, हे सगळं वर जातं. खाली पोरांच्या बाजूला त्यांची पाठ असते. २०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' होतं तेव्हा मी बारावीत होते. रेंज गच्चीवर यायची, म्हणून आमच्या वाड्यातली तीन पोरं गच्चीवर तीन कोपऱ्यांत तीन शाळा करायची. मिटिंगला किती जण जोडले गेले, याचा आकडा रोज मागवला जायचा. जोडलेल्यांपैकी निम्मे फोन लावून खाली जेवायला गेलेले असायचे. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागायची, ती माझी धाकटी चुलत बहीण हट्टानं बघायची, कारण तिथं हजेरी नव्हती.

आणि आता या सगळ्याचा निकाल यंत्रच लावणार आहे. बी.एड. झालं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली की टेट द्यायची. शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. संगणकावर बसून १२० मिनिटांत २०० प्रश्न, दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा. पहिली २०१७ साली झाली, दुसरी २०२३ साली, तिसरी २०२५ साली. गुण आले की शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि वाट बघायची. मला साठ पोरांचा वर्ग सांभाळता येतो का, लाईट गेल्यावर पुढं काय करते, हे या प्रवासात पोर्टल कुठंही विचारत नाही. माउस डावीकडे जात नसेल तरी चालेल, असा सराव मात्र आमच्या कॉलेजनं करून घेतलाय, त्याचा फायदा होईल.

तयारी म्हणून मी स्वतःच्या पैशानं दहा मीटरची एक्स्टेन्शन वायर आणि रिमोटचे चार सेल घेऊन ठेवलेत. आंतरवासितेच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला, पेन आणि गुलाबाचं फूल मिळालं. बाहेर पडताना डीजेवाल्याचा भाऊ गाठ पडला. त्यानं वहीच्या पानावर मोठ्या भावाचा नंबर लिहून दिला.

"पर्मनंट झाला की फोन करा, मॅडम. भाऊ एलईडी वॉल घिऊन यील. जनरेटर बी हाय, लाईट गेली तरी टेन्शन न्हाई."

"अरे, पण भाडं कोण देणार?"

"भाडं नगं वो. डिझेलचं तेवढं बघा." मग जरा विचार करून म्हणाला, "फकस्त पाठ लग्नसराईत धरू नका. तवा भाऊ सापडायचा न्हाई."

पोर्टलचं काही सांगता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग भावाला दोन्ही सीझनचं बोलून ठेवतो.